गालमाप्यांचा उजवा गाल

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. काचघरांवरची माणसं त्यांना तोंडावर 'तात्या' म्हणत आणि पाठ वळली की 'गालमापे'. तात्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आडनाव बापाकडून फुकटात मिळतं, हे त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

काम बॉयलरवरचं. चार लांबलचक काचघरं, तीन भाजीची आणि एक फुलांचं. बाहेर वर्षातले पाच महिने हाडं गोठवणारी थंडी. काचघरांच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्यात लाकडावर चालणारा बॉयलर. लाकूड म्हणजे ओंडके नव्हेत. आगपेटीएवढ्या ढलप्या, ट्रकने येणाऱ्या. त्या कोठीत ओतायच्या. कोठीच्या तळाशी फिरणारा स्क्रू त्यांना थोडं थोडं आगीकडे ढकलतो, आगीवर पाणी तापतं, आणि ते पाणी नळांतून चारही घरांत हिंडून थकूनभागून परत येतं. ऐकायला सोपं, पण सगळा खेळ ढलपीच्या ओलीवर. कोरडी ढलपी लख्ख पेटते. ओली ढलपी आधी स्वतःला वाळवत बसते, त्यात आगीचा जीव जातो आणि धुराड्यातून नुसता पांढरा धूर निघतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण ज्यानं काढली, त्यानं बॉयलर कधी चालवलेला नसणार.

ओल ओळखायची तात्यांची रीत वेगळी होती. ट्रक आला की ते मागच्या फळीवरून वर चढत. माथ्यावरच्या ढलप्यांकडे बघतसुद्धा नसत. "वरून सगळेच कोरडे असतात, माणसंसुद्धा," असं म्हणून बाही वर सारत, हात खांद्यापर्यंत ढिगात खुपसत, पोटातल्या मूठभर ढलप्या काढत आणि त्या उजव्या गालावर धरत. डोळे मिटून, दहा आकडे होईपर्यंत. कोरडं लाकूड गालाला गार लागत नाही आणि गरमही लागत नाही, नुसतं टेकलेलं असतं. ओलं लाकूड चावतं. मग डोळे उघडायचे आणि निकाल द्यायचा. "ओत," नाहीतर "ने परत." बावीस वर्षांत एकही निकाल फिरला नव्हता.

मालकीणबाईंनी एकदा मॉइश्चर मीटर आणलं. काटा खुपसला की ओलीचा आकडा दाखवणारं यंत्र. तीन ट्रकांवर त्यांनी यंत्र आणि तात्या दोघांनाही लावून बघितलं. तिन्ही वेळा दोघांचं एकमत झालं. तात्यांनी ते यंत्र परत खोक्यात घातलं, खोकं टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई?" बाई हसल्या. खण बंद झाला तो झालाच.

तात्यांची बायको रोपमावशी. ती चौथ्या घरात, म्हणजे फुलांच्या घरात, रोपांची मुख्य होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली बावीस दोघांनी एकाच आवारात काढली होती. तो ऊब धाडणार, ती ऊब वापरणार. चौथं घर नळांच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे पाणी तिथं पोचेपर्यंत कोमट झालेलं. यावरून दोघांचं भांडण ठरलेलं. "सगळ्यांना वाढून उरलं की मग बायकोला," ती म्हणायची. आणि ट्रकवर चढलेल्या नवऱ्याला खालून ओरडून विचारायची, "अहो, त्या लाकडांचे किती लाड! माझ्या हाताला तरी कधी इतका वेळ गाल दिलात का?" ड्रायव्हर लोक खो खो हसायचे. तात्या डोळे मिटलेले ठेवून आकडे मोजत राहायचे, पण कान लाल व्हायचे.

तिनं सहा वर्षांपूर्वी एक उद्योग केला होता. एका पांढऱ्या, मंद वासाच्या ऑर्किडवर जांभळ्या ऑर्किडचे परागकण लावले. शेंग धरली, ती पिकली, आत पिठीसारखं बी निघालं. ते काचेच्या बाटल्यांत रुजवलं, नखाएवढी रोपं झाली, ती बोटाएवढी झाली, बरीचशी मेली. अकरा जगली. काचघराच्या कोपऱ्यातल्या मांडणीवर ती अकरा कुंड्या घेऊन बसायची. फूल कसं येणार कुणालाच माहीत नव्हतं. आईसारखं, बापासारखं की तिसरंच काहीतरी, हे फूल उमलल्याशिवाय कळत नाही. "जगात अजून कुणी न बघितलेला रंग असेल," ती म्हणायची. तात्या म्हणायचे, "किंवा सगळ्यांनी बघितलेला असेल." यावर ती दिवसभर बोलायची नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. पानगळ सुरू असताना रोपमावशीच्या पोटात गाठ निघाली, आणि ती पसरलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. आणि त्याच आठवड्यात अकरापैकी एका रोपाच्या पानाखालून कळ्यांची दांडी डोकावली. हिरवी, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. मावशीनं दवाखान्यातून आल्या आल्या आधी ती पाहिली, मग अंथरूण धरलं. बोटांवर हिशेब केला. दांडी दिसल्यापासून फूल उमलायला अडीच महिने. "गाठते मी," ती म्हणाली. "अहो, बाकी काही मागत नाही. रंग बघते आणि जाते."

तात्या रोप घरी आणायला निघाले तर ती अंगावर आली. "हात लावू नका. कळी धरलेलं रोप जागचं हलवलं की कळ्या टाकतं. तिथंच राहू दे. तुम्ही फक्त ऊब सांभाळा."

आता तात्यांनी कुणालाच न सांगितलेली गोष्ट. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला नागीण उठली होती. दोन आठवडे नुसती आग आग. फोड वाळले, आग गेली आणि जाताना गालाची जाणीवही घेऊन गेली. हे त्यांना दाढी करताना कळलं. आरशात गालावर रक्त दिसलं आणि वस्तरा कधी लागला ते कळलंच नव्हतं. त्यांनी चिमटा काढला, थंड पाण्याचा तांब्या लावून पाहिला. उजवा गाल होता तिथंच होता, पण त्यांचा राहिला नव्हता.

डाव्या गालावर ढलप्या धरून पाहिल्या. पण डाव्याला सवय नव्हती, त्याला सगळंच गार लागायचं. खणातलं यंत्र काढावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर खोकं टेबलावर ठेवूनही झालं. पण यंत्र काढलं की बाई विचारणार, का काढलं. ड्रायव्हर विचारणार. आणि घरी ती विचारणार, जिला आधीच कमी दुखणं नव्हतं. शिवाय गालमाप्यांचा गाल गेला तर मागे उरतं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. खोकं परत खणात गेलं. ते ट्रकवर चढत राहिले, ढलप्या गालावर धरत राहिले, आणि निकाल मात्र कानानं आणि नाकानं देऊ लागले. कोरडी ढलपी हातात खुळखुळते, ओली थपथपते. ओलीला आंबूस वास येतो. तीन महिने यावर निभावलं. निभावतंय म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो.

मग थंडीची मोठी लाट आली. पाण्याच्या टाकीवर बर्फाची जाड साय धरली. दांडीवर एव्हाना सात कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या आणि मावशीच्या हिशेबानं पहिली उमलायला सहा-सात दिवस उरले होते. त्या सकाळी ढलप्यांचा ट्रक आला. तात्या चढले, हात खुपसला, मूठ काढली, हलवली. खणखणीत खुळखुळली. वास घेतला, काहीच नाही. मग रीतीप्रमाणे गालावर धरून डोळे मिटले.

खाली उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "काय तात्या, रडताय की काय?"

"का रे?"

"गालावरून पाणी ओघळतंय."

तात्यांनी डोळा पुसला. डोळा कोरडा होता. "थंडीनं येतं पाणी," ते म्हणाले. "ओत."

ते डोळ्यातलं पाणी नव्हतं. ओल्या ढलप्या गोठून दगड झाल्या होत्या, म्हणून खुळखुळत होत्या. बर्फाला वास नसतो. हात थंडीनं आधीच बधिर होता, कान आणि नाक दोघंही फसले. सांगायला फक्त गाल होता, आणि गाल सांगतही होता. त्याच्या उबेनं बर्फ वितळून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. खाली ट्रकजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते दिसलं, पण ज्याच्या गालावरून वाहिलं त्याला कळलं नाही.

अकरा वाजेपर्यंत कोठीतला जुना माल संपला आणि नवा आगीकडे सरकू लागला. शेडच्या उबेत ढलप्यांचा बर्फ सुटला, कोठीत त्यांचा लगदा झाला, आणि स्क्रूच्या वर ओल्या ढलप्यांची कमान धरली. खाली स्क्रू रिकामाच फिरू लागला. आग बसली. धुराड्यातून पांढरा धूर निघाला. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लोखंडी सळई घेऊन ते कोठीवर चढले आणि कमान फोडू लागले. फोडली की पुन्हा धरायची. फोडली की जे खाली जायचं ते पेटायचं नाही. मालकीणबाईंनी शेजारच्या आरागिरणीत कोरड्या ढलप्यांसाठी गाडी पिटाळली. सगळी माणसं टोमॅटोवर आणि काकडीवर चादरी पसरत धावत होती. तात्यांना दर मिनिटाला वाटत होतं, आता पेटेल, आता पेटेल, आणि पेटलं की चौथ्या घरातलंही सगळं वाचेल. म्हणून त्यांनी सळई सोडली नाही. कुणाला तरी पाठवून त्या एका कुंडीवर गोणपाट टाकायला सांगावं, एवढं साधं त्या क्षणी सुचलं नाही. ही गोष्ट पुढे त्यांना गालापेक्षाही जास्त खात राहिली.

चारच्या सुमाराला कोरडा माल आला आणि आग धरली. टोमॅटो वाचले, काकडी निम्मी वाचली. तात्या चौथ्या घरात गेले तेव्हा तिथला पारा तीनवर होता. रोप उभं होतं. पानं तजेलदार दिसत होती. सातही कळ्या जागेवर होत्या. तात्यांनी मांडणीला धरून श्वास सोडला.

घरी आल्यावर तिनं उशीवरूनच विचारलं, "आज काय झालं होतं?" त्यांचं घर आवारालाच लागून होतं आणि तिच्या खिडकीतून धुराडं दिसायचं.

"स्क्रू अडकला होता. निघाला."

तिनं मान पुन्हा खिडकीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी पहिली कळी पिवळी पडली. तिसऱ्या दिवशी ती मांडणीवर गळून पडली, आणि तिच्यामागून बाकीच्या. चौथ्या दिवशी शेवटची. तात्यांनी सातही कळ्या वेचून खिशात घातल्या. एक नखानं उघडून पाहिली, आत तरी रंग दिसेल म्हणून. आत हिरवट काळं काहीतरी कुजलेलं होतं. शेडमध्ये जाऊन, दार लावून ते रडले. आवाज बॉयलरच्या आवाजात जिरला, तेवढंच बरं झालं.

पाचव्या दिवशी तिचं दुखणं चढलं. आईची सेवा करायला आलेली लेक दारातच म्हणाली, "बाबा, आई सकाळपासून एकच विचारतेय. काहीतरी सांगा तिला."

तात्या खाटेच्या कडेवर बसले. तिनं विचारायच्या आत म्हणाले, "उमललं गं."

तिचे डोळे एकदम उघडले. "कोणता?"

तात्यांनी हे ठरवून आणलं नव्हतं. समोर औषधाच्या बाटलीचं झाकण होतं. "पिवळा," ते म्हणाले. "फिका पिवळा. मधे थोडी लाली."

"पिवळा?"

"हो तर."

"मी फोटो काढून आणते," लेक उठली.

"नको!" तात्या ओरडलेच. मग आवाज उतरवून म्हणाले, "तू पेज गरम कर तिची. मी आणतो संध्याकाळी एक फूल तोडून."

लेक आत गेली. तात्या खिडकीकडे बघत बोलत राहिले. वास आहे, मंद आहे, आईचाच उतरलाय. पाकळ्या जाड आहेत. बाई येऊन बघून गेल्या, त्यांनाही आवडलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा सुटला की थांबत नाही. बोलून बोलून ते दमले, तेव्हा ती म्हणाली, "केव्हापासून?"

"आज सकाळी उमललं ना."

"ते नव्हे. माझा हात कुठं आहे?"

तात्यांनी खाली पाहिलं. तिचं मनगट त्यांच्या हनुवटीजवळ होतं. तिनं तळहात त्यांच्या उजव्या गालावर ठेवला होता. किती वेळ ठेवला होता, त्यांना माहीत नव्हतं.

 तिला काही सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं बॉयलरच्या आवारात काढलेली बाई ती. दिवसभरचा पांढरा धूर तिनं खिडकीतून पाहिला होता, आणि स्क्रू अडकल्यानं पांढरा धूर येत नाही हे तिला ठाऊक होतं. गालमाप्यांनी ओला माल कसा घेतला, एवढंच कोडं तिला उरलं होतं. ते आता सुटलं.

"म्हणजे कळ्या गळल्या," ती म्हणाली.

तात्यांनी खिशातून त्या सात वाळलेल्या कळ्या काढून चादरीवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. नागीण, वस्तरा, खणातलं खोकं, ड्रायव्हरचं बोलणं. "पाणी ओघळत होतं गं. त्यानं सांगितलं मला. तरी मला कळलं नाही."

ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एकेक कळी उचलून पाहिली, मग हात पुन्हा त्यांच्या गालावर नेला, या वेळी डाव्या.

"सांगायचं होतंत हो," ती म्हणाली. "मला चालवत नव्हतं तर खुर्चीत बसवून न्यायचं होतं ट्रकपाशी. मला दोन गाल आहेत की."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि पिवळा? पांढऱ्या आणि जांभळ्याच्या पोटी पिवळा? इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलीत, काहीतरी शिकायचं होतंत." ती हसायला गेली, पोटात कळ आली, आणि हसण्याचं रडणं झालं. "बघायचा होता हो मला. फार बघायचा होता."

त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती गेली. हिवाळा निघालाच नव्हता.

तात्यांनी बाईंना सगळं स्वतःहून सांगितलं आणि काम सोडतो म्हणाले.  बाईंनी खण उघडून खोकं काढलं आणि तात्यांच्या पुढ्यात सरकवलं. "बॉयलर दुसऱ्या कुणाला कळत नाही," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून तात्या ट्रकवर चढले की काटा खुपसतात, आकडा वाचतात. एकदा वाचतात, मग दुसऱ्या जागी खुपसून पुन्हा वाचतात. मग "ओत" म्हणतात. ड्रायव्हर आता हसत नाहीत. नाव मात्र गालमापेच राहिलं आहे.

रोप त्यांनी हलवलं नाही. तिथंच, त्याच कोपऱ्यात, नळाला जाड गोधडी गुंडाळून, डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. पुढच्या थंडीत त्याच रोपाला दांडी आली, पाच कळ्यांची. तात्यांनी दिवस मोजले नाहीत, हिशेबही केला नाही. एका दुपारी चौथ्या घरात आता रोपं बघणाऱ्या बाईनं शेडच्या दारातून हाक मारली, "तात्या, या. उमललंय."

ते गेले, पाहिलं, मान हलवली. बाकीचे काय काय बोलत होते, ते त्यांच्या कानावरून गेलं. ज्या माणसानं विचारायला हवं होतं ते विचारत नव्हतं. एक फूल त्यांनी तोडलं, कोटाच्या आत धरलं, आणि सुट्टीची वेळ झालेली नसताना घरी आले. लेक केव्हाच तिच्या घरी परत गेली होती. खाट भिंतीशी तशीच होती, चादर ताणून घातलेली. तात्या कडेवर बसले, नेहमीच्या जागी, आणि फूल उशीवर ठेवलं.

"पांढरा गं," ते म्हणाले. "साधा पांढरा. सगळ्यांनी बघितलेला. आत एक बारीक जांभळी रेघ आहे, पण जवळ धरल्याशिवाय दिसत नाही." मग जरा थांबून, दारात कुणी नाही ना ते बघून म्हणाले, "या वेळी खोटं नाही सांगत."